टिकली असेल तेच आत

"हे बघा अप्पा, टिकली लावलेलं भांडं तेवढंच मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं. स्टीलचं नाही." सकाळपासून हे मी चौथ्यांदा सांगत होते.

काल त्यांनी आमटीची स्टीलची वाटी आत ठेवली होती आणि ठिणग्या उडाल्या होत्या. चिठ्ठी चिकटवली तर ते वाचत नाहीत. म्हणून आई गेल्यापासून बाथरूमच्या आरशावर तशाच राहिलेल्या तिच्या चार टिकल्या काढल्या, गोंद लावून काचेच्या भांड्यांना चिकटवल्या होत्या. एवढं सांगून ऑफिसला पळाले.

संध्याकाळी आले तर भात ओट्यावर तसाच, गार. एकाही भांड्याला टिकली नव्हती.

"अप्पा, किती वेळा सांगायचं मी?"

ते मला हाताला धरून आरशापाशी घेऊन गेले. चारही टिकल्या परत तिथे होत्या. त्यांच्या नखांत गोंद अडकला होता.

"तुझी आई आंघोळ करून आली की शोधत बसते," ते म्हणाले. "मग बोलणी मला खावी लागतात."

मी भात गरम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाकिटातल्या टिकल्या भांड्यांना लावल्या आणि पहिल्यापासून सांगायला बसले, "हे बघा अप्पा..."