गणपतीपुढच्या आगगाड्या

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एका सोसायटीच्या गणपतीपुढचा देखावा मनात आणा. डोंगर, बोगदा आणि एकाच रुळावरून धावणाऱ्या तीन चिमुकल्या आगगाड्या. प्रत्येक इंजिनाला आपला नंबर. रिमोटवर ज्याचा नंबर दाबाल, तेवढंच इंजिन तुमचं ऐकणार. हे सगळं सोसायटीतल्याच मृण्मयीनं जुळवलं होतं. सगळी सुट्टी तिनं त्या रुळापाशी घालवली होती.

उद्घाटनाला पाहुणे आले, तेव्हा चेअरमनकाकांनी तिच्या हातातला रिमोट काढून आपल्या मुलाकडे, तन्मयकडे दिला.

"काका, गाड्या मी चालवणार होते ना?"

"अगं, तू ओवाळणीचं ताट धर. किती गोड दिसतेस! मशीनचं काम त्याला करू दे."

तन्मयनं बटणं दाबली, गाड्या पळाल्या, टाळ्या पडल्या.

"हे सगळं तू केलंस? शाब्बास रे पठ्ठ्या!" पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली.

"हो," तो म्हणाला. मृण्मयीनं चेअरमनकाकांकडे पाहिलं. ते नुसते हसत होते.

एवढ्यात मालगाडी बोगद्यातून बाहेर पडली आणि समोरून एक्सप्रेस येताना दिसली. तन्मयचा चेहरा उतरला.

"मालगाडीचा नंबर कुठला गं?" तो कुजबुजला. "सांग ना लवकर!"

नंबर मृण्मयीच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. ताट टेबलावर ठेवून ती पाहुण्यांच्या शेजारी गेली आणि टक्कर नीट दिसावी म्हणून चवड्यांवर उभी राहिली.