हास्केलचं गाऱ्हाणं

"नारळ फोडल्याबिगर ह्या घरात काय एक सुरू झाला नाय! पंप नाय, फ्रीज नाय. आनी तुझी ही हास्केल कोन मोठी लागून गेली?"

"काका, ती कॉम्प्युटराची भाषा आसा! पंप न्हय!" सगुण ओरडला.

"भाषा? मगे तर गाऱ्हाना होयाच. बोलनारी वस्तू ती."

सगुणने कपाळावर हात मारला. पार्सेतल्या त्या घरात मोबाइलची रेंज सोप्याच्या एकाच कोपऱ्यात यायची, आणि सकाळपासून तो लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या कोपऱ्याला चिकटला होता. डाउनलोड अर्ध्यात तुटायचं, की तो शिव्या घालायचा आणि परत लावायचा. आता कुठे सगळं बसलं होतं. काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत होती. जणू विचारत होती, सांग, काय करू?

लॅपटॉप विनोदिनीताईचा. सगुणची ही मामेबहीण नवा घेणार होती. जुना सगुणला देईन म्हणाली होती, पण अट घालून. तिच्या तीनच्या बसच्या आधी एक तरी ओळ चालवून दाखवायची. स्वतःच्या बोटांनी लिहायची, कुठूनही उचलून चिकटवायची नाही. "तू शाळा अर्धी सोडलीस," ती म्हणाली होती, "हे पण सोडशील, तर माझ्याकडेच राहू दे."

ते त्याला लागलं होतं. नाही चालवली तर नावाचा सगुण नव्हे.

बाबाजी काका आतून नारळ घेऊन आलाच. वाडीत कोणाचं काहीही नवं आलं की गाऱ्हाणं घालायचा, देवाला साकडं घालायचा मान त्याचा. मागून शेवंतीकाकी धावत आली. "ओ, तो कालवनाचो नारळ! घरात दुसरो नाय!"

"देवाच्या कामात आड येव नको." काकाने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान जा काय नवा मांडल्यान हा, ता सांभाळून घे. वाटेत काय वाकडा-तिकडा आसात तर ता दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाली. रागात होती, पण म्हणाली. विनोदिनीताईपण हसत हसत म्हणाली.

काकाने पायरीवर नारळ फोडला. पंपावर शिंपडलं होतं, फ्रीजवर शिंपडलं होतं, तसंच वाटीतलं पाणी बोटांनी उडवलं. सरळ कीबोर्डवर.

"काका!"

सगुणने टॉवेल ओढला, लॅपटॉप उपडा केला, फुंकर मारली. पडदा चालू होता. अक्षरं उमटत होती. आकडे उमटत होते. फक्त बरोबरचं चिन्ह काही केल्या उमटेना.

"गेला," तो म्हणाला. "ह्या भाषेत कामाक नाव देवचा तर मधे बरोबर लागता. अमुक बरोबर तमुक. आता नावच देवक येना नाय! घाल अजून पानी! ओत आख्खी कळशी!"

काका एवढासा झाला. विनोदिनीताईने घड्याळाकडे बघितलं. तिचं ते बघणं सगुणला जास्त झोंबलं.

काकी नारळाची कवडं गोळा करत होती. "नावाचा काय घेवन बसलंस?" ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून ह्येंचा नाव मी तोंडात घेवक नाय. म्हणान काय ह्येंची कामा आडली? आयकलात, म्हटला की झाला."

"ओ?" काकाने लगेच मान वर केली.

विनोदिनीताईला हसू आवरेना. सगुण मात्र हसला नाही. तो काकीकडे बघत राहिला, मग काकाकडे, मग पडद्याकडे. नाव नको. काम मांडायचं, आणि नाव न घेताच त्याच्यापुढे प्रश्न टाकायचा. ह्या भाषेत तसंही चालतं, सकाळीच कुठेतरी वाचलं होतं.

तो लिहायला लागला. कंस, उलटी तिरकी रेघ, बाण. काहीही विचारा, उत्तर एकच. बरोबरचं चिन्ह कुठेच नाही. "विचार, काका."

काका घाबरत पुढे झाला. "यंदा काजू बरे येतले?"

सगुणने ते रोमन अक्षरांत टाकलं आणि एंटर मारला. खाली उमटलं: व्हय म्हाराजा.

काका सोप्यावर उडालाच. "बोल्ला! बगलंस? गाऱ्हाना लागला!"

"तुझा गाऱ्हाना न्हय, माझी ओळ!"

"मी विचारू?" काकीने पदराला हात पुसले. नारळ उतरवणारा पाडेली महिनाभर फिरकला नव्हता, आणि सकाळीच सगुणने तिला तोंडावर सांगितलं होतं, माडावर हुमले आहेत, त्या लाल मुंग्या फोडून खातात, मी चढणार नाही, मेलो तरी नाही. ती वाकून लॅपटॉपलाच म्हणाली, "सगुण आता माडार चढान दोन नारळ काढतलो?"

विनोदिनीताईने तेवढं टाइप केलं.

व्हय म्हाराजा.

"ती कोनाकय ह्याच सांगता!" सगुण उसळला. "काय पन घाल, ह्याच सांगतली!"

"लिहिलं कोणी?" विनोदिनीताई म्हणाली.

वळणावर बसचा हॉर्न वाजला. तिने बॅग उचलून खांद्याला लावली, तर ती हलकी, रिकामी लोंबत राहिली. लॅपटॉप सोप्यावरच होता. शेजारी चार्जर.

सगुणने एकदा लॅपटॉपकडे बघितलं. त्याने चपला काढल्या, कोयती कमरेला खोचली आणि पायरी उतरून माडाकडे निघाला.

"कोन बंद करू नकात हां ती," तो मागे न बघता म्हणाला. "माका आता जावक होया."