दोन रेघा

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या बर्फामुळे महिनाभर घरी अडकलेल्या मनोहररावांनी मुलाच्या जेवणाच्या टेबलावर जपानमधल्या एका जुन्या संस्थानाची वंशावळ पसरली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या पुस्तकावरून ते अकरा संस्थानिकांची नावं उतरवत होते. शंतनू कॉफी घेऊन शेजारी बसला. “बाबा, सातव्याला दोन रेघा का?” “तो दत्तक. पोटच्या मुलाला एक, दत्तकाला दोन.” चौतीस वर्षं शंतनूपासून दडवलेली गोष्ट आज या रेघांच्या आडून सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं, पण ऐन वेळी धीर सुटला. “दुष्काळात संस्थान मात्र त्यानंच तगवलं,” एवढंच पुटपुटून ते कागद गुंडाळू लागले. शंतनूनं कागद पुन्हा उलगडला. कोपऱ्यात ‘मनोहर’ लिहिलं, खाली ‘शंतनू’, आणि मधे दोन रेघा ओढल्या. “माझ्या ग्रीन कार्डसाठी जन्मदाखला मागितला, तर तुम्ही अख्खी फाइलच पाठवलीत, बाबा. दत्तकपत्रासकट. आता सांगा, कसं तगवलं त्यानं?”