बाळाच्या खोलीचं बजेट

बाळाच्या खोलीसाठी साठ हजार, हे आठव्या महिन्यात ठरलं. सक्करदऱ्याच्या दुकानात शिरताच संघपालने चाळीस हजारांची बेबी कॉट पसंत केली. उंची तीन पातळ्यांची, चाकांना ब्रेक, पाच वर्षांची वॉरंटी. पहिले तीन महिने ज्याला मानही धरता येत नाही, त्याची एवढी सोय पाहून दुकानदाराने लगेच पावतीपुस्तक उघडलं.

प्रीती मात्र सरळ मागे गेली आणि तिने एका सागवानी दिवाणावर बसून पाहिलं.

"हा घेऊ. अन् बाळाले साधा पाळणा, तीन हजारातला."

"अवं, बाळाच्या खोलीत दिवाण काहून?"

"भाऊ, यावर गादी कडक द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "अन् उंची थोडी वाढवून द्या. उठताना गुडघ्यावर जोर नाही आला पाहिजे."

"लोकं हासतील ना, प्रीती! ताईच्या घरी कशी मस्त कॉट होती. पाहिली होती ना तू?"

"पाहिली ना. बाळ एक दिवस झोपलं नाही तिच्यात. रडलं की उचलायले जवळच कोणीतरी पाहिजे म्हणून दोन वर्षं तुझी माय त्या कॉटच्या बाजूले चटईवर झोपली. पुढच्या महिन्यात ती कुहीवरून आपल्याकडे राह्यले येणार आहे."