आत्याबाईच्या मिशा

आप्पांनी खुराड्याचं दार उघडलं, तशा तीन कोंबड्या फळीवरून धडाधड खाली उतरल्या. चौथी दारातच उभी राहिली. आप्पांनी तिला उचलून गवतावर ठेवलं आणि चाकांचं खुराडं ढकलत ताज्या गवतावर नेलं.

"आहेस का गं अजून?" त्यांनी विचारलं. रोजच विचारत.

हा सगळा पसारा त्यांच्या बायकोचा. तिच्या कोंबड्या कधी पिंजऱ्यात राहिल्या नाहीत, त्यांच्या चोची कापल्या गेल्या नाहीत. अंडी थांबली तरी कोंबडी खाटकाकडे जायची नाही. "नोकरी झाली, आता पेन्शन," ती म्हणायची. या चौथीचं नाव तिनंच आत्याबाई ठेवलं होतं, कारण ती छाती काढून चालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायची. म्हातारपणी आत्याबाईच्या पायांना मागून कोंबड्यासारखी टोकदार नखं फुटली. बायको म्हणाली, "आत्याबाईला मिशा आल्या. आता काका म्हणा."

दवाखान्यात शेवटी शेवटी ती म्हणाली, "आत्याबाई आहे तोवर हे मोडू नका. तेवढं करा." आप्पांनी हो म्हटलं. म्हातारी कोंबडी, किती दिवस काढणार, असं दोघांनाही वाटलं होतं.

आत्याबाईला मात्र तसं कोणी सांगितलं नव्हतं.

तरण्या कोंबड्या आप्पांनी ओढ्यापलीकडे मेहुणीला दिल्या, आत्याबाईच्या सोबतीला तिघीच ठेवल्या. तीही बहिणीच्याच पद्धतीनं कोंबड्या पाळायची. त्या सगळ्या आत्याबाईच्याच लेकी-नाती, तोच तांबूस रंग, तीच चाल. आत्याबाईला मात्र तिथं धाडता येत नव्हतं. नव्या कळपात म्हाताऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचून मारतात. म्हणून रोज सकाळी दार उघडायचं आणि दिवस मावळायच्या आत तिला उचलून आत ठेवायचं. आप्पा एकही मुक्काम बाहेर करू शकत नव्हते.

"दाजी," मेहुणी म्हणायची, "कोंबड्या मोकळ्या आणि तुम्ही खुराड्यात." आप्पा हसायचे.

लेक शहरात होती. पहिलंच बाळंतपण जवळ आलं होतं. तिनं घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती, खिडकीची. "आप्पा, या ना राहायला," असं ती एकदाच म्हणाली. आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "मला इथंच बरं." या विष्ठेच्या वासाचा, या रिकाम्या घराचा कंटाळा आलाय, हे सांगायचं कसं? बायकोच्या सगळ्या आयुष्याला ओझं म्हटल्यासारखं झालं असतं. लेकीनं पुन्हा विचारलं नाही. आप्पा मात्र त्या खिडकीचा विचार रोज करायचे.

त्या दिवशी लेक मुक्कामाला आली. आल्या आल्या आधी आत्याबाईला बघून आली. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती भेटायला आलेल्या मावशीशी बोलत होती. आप्पा बाहेर नळावर हात धूत होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, ती आहे म्हणून आप्पा सकाळी उठतात. तिला काही झालं, तर आप्पा नाही उरायचे गं."

मावशी थोड्या वेळानं स्कूटर काढून घरी गेली.

आप्पा खुराड्याकडे गेले. तिघी आपल्या आपण वर चढल्या होत्या. आत्याबाई फळीच्या पायथ्याशी मान वर करून उभी होती. ओढ्याकाठच्या चिखलात कोल्ह्याचे पाय उमटलेले होते. आप्पांनीच ते मेहुणीला दाखवले होते.

ते वाकले. तिच्या अंगाची ऊब तळव्यांना लागली. मग त्यांनी हात मागे घेतले, दाराला कडी घातली आणि घराकडे चालू लागले. पाठीमागून आत्याबाई एकदा खेकसली.

जेवताना लेकीनं विचारलं, "आत्याबाईला आत ठेवलंत ना?"

"हो."

सकाळी आप्पा उठले नाहीत. ऊन अंथरुणावर येईपर्यंत पडून राहिले. लेकीची पावलं अंगणात गेली, तिथंच थांबली. नंतर ती फोनवर हळू आवाजात बोलली. स्कूटर आली आणि गेली. कोणीतरी बराच वेळ झाडत होतं. आता ती आत येईल, रडेल, मग आपण म्हणायचं, चल, मी येतो तुझ्याबरोबर. बॅग कोणती घ्यायची, तेही त्यांनी ठरवून टाकलं.

लेक चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, जागा बदलली की तिला झोप लागत नाही.

"आज उशीर केलात, आप्पा. तुमच्या आत्याबाई खोळंबल्यात बाहेर."

आप्पा अनवाणीच धावले. खुराड्यासमोरच्या स्वच्छ झाडलेल्या गवतावर तांबूस कोंबडी छाती काढून दाणे टिपत होती. ते खाली बसले. तिला त्यांनी मांडीवर घेतलं, मनातल्या मनात बायकोची माफी मागितली, कोंबडीचीही मागितली. एवढं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिला कुरवाळता कुरवाळता त्यांचा अंगठा तिच्या पायांमागून फिरला.

दोन्ही पाय गुळगुळीत होते.

लेक दारात उभी होती, एक हात पोटावर ठेवून. ती त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"बरी आहे ना, आप्पा?"

आप्पांनी कोंबडी अलगद खाली ठेवली.

"बरी आहे," ते म्हणाले. "अजून पुष्कळ वर्षं काढेल."