जबड्याचा व्यायाम

गल्लीतल्या शिवणवाल्या काकूंचा जबडा आखडला. तोंडात जेमतेम एक बोट जायचं. "ऑपरेशन करून टाका," त्यांनी दातांच्या सर्जनला सांगितलं. डॉक्टर हसले. "आजवरचं संशोधन सांगतं, बहुतेकांना साध्या व्यायामानं बरं वाटतं. रोज हळूहळू तोंड उघडायचं. जबडा वाकडा जातोय का, हे मात्र कुणीतरी बघायला हवं." घरात बघायला कुणीच नव्हतं. महिन्यातून एकदा फोन करणारी लेक परदेशातून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू लागली. "आई, डावीकडे जातोय गं. पुन्हा कर." मग गप्पा रंगायच्या. सातव्या आठवड्यात तोंडात तीन बोटं सहज गेली. "अगदी सरळ! सुटलीस बघ," लेक म्हणाली. काकूंनी पटकन कानाशी हात नेला. "कानापाशी अजून ठणकतं गं," त्यांनी ठोकून दिलं. लेक हसू दाबत म्हणाली, "मग वर्षभर तरी मला रोज बघावंच लागेल."