दारूबंदीच्या पाट्या

आरोंद्यात दारूबंदीच्या पाट्या लावायला सन्मार्ग मंडळाचे धारगळकर मुंबईहून आले आणि आल्याआल्या त्यांनी सिद्धांत मांडला: पिणारा ज्या वाटेने जातो, त्याच वाटेवर पाटी हवी. खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा मुलूख, तिथली फेणी होडीतून बिनबोभाट इकडे यायची. अशा गावात ही वाट दाखवणार कोण? पण आबा रेडकर आपणहून पुढे झाले आणि धक्क्यापासून माडांच्या बागेपर्यंत एकेक वळण त्यांनी साहेबांना दाखवलं. तिथे तिथे लाल अक्षरं झळकली: ‘दारू हे विष आहे.’

पावसाळा सरल्यावर धारगळकर पाहणीला आले. एकही पाटी कोणी मोडली नव्हती. उलट पुसट झालेली अक्षरं गावाने पदरच्या रंगाने पुन्हा गिरवली होती. गाव सुधारलं, या विचाराने साहेबांचा ऊर भरून आला.

“आबा, मंडळाकडून आणखी काही हवं असेल तर मोकळेपणाने सांगा.”



“सायबानू, माझ्या घराकडच्या वळणार एक पाटी कमी पडता. परगावची माणसा पाटी बघीत बघीत थंयसर येतत, मगे वाट चुकतत नि सुक्या तोंडान परत जातत.”